पॉइंट टू टूचा ग्रुप पुन्हा पसरतोय? टरेटला हात लावण्याआधी हे तपासा

माझ्या पॉइंट टू टू (.22 इंच कॅलिबरच्या) रायफलच्या पाच गोळ्या ५० मीटरवर १५ मिमीच्या आत पडत होत्या. रायफल तीच, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) तोच, बसायची पद्धत तीच. एक दिवस कार्ड हातात घेतलं तर ग्रुप, म्हणजे कार्डावर पडलेल्या गोळ्यांचा पसारा, ४० मिमीचा, आणि तोही मध्यापासून डावीकडे सरकलेला. माझ्याकडे हे एकाच रायफलवर तीनदा घडलंय, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्यांदा माउंट (स्कोप रायफलला धरून ठेवणारा भाग) सरकला होता, दुसऱ्यांदा काडतुसांचा लॉट बदलला होता, तिसऱ्यांदा चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे कार्बनचं कडं बसलं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मी आधी मागचाच उपाय करून पाहिला आणि दोन्ही वेळा अख्खे दिवस घालवले.

ग्रुप पसरणं म्हणजे ताप आल्यासारखं आहे. ताप दिसतो, आजार दिसत नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते उपायांपेक्षा शोधण्याच्या क्रमाबद्दल जास्त आहे. जे गोळी न झाडता तपासता येतं ते आधी, जे एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासता येतं ते नंतर, आणि ज्यासाठी रायफल उघडावी लागते ते शेवटी.

सुरुवातीलाच एक गोष्ट. माउंट, स्क्रू, पॅरालॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष), बॅरल (नळी), यातलं काहीही तपासताना मॅगझिन बाहेर, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडा किंवा काढलेला, चेंबर डोळ्यांनी पाहिलेलं आणि बोटाने चाचपलेलं हवं. काडतुसांचा डबा त्या टेबलावर नसावा. घाईत असलो तरी मी यात सूट घेत नाही.

दोन तक्रारी वेगळ्या करा

"रायफल नीट लागत नाही" या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक, ग्रुप घट्ट आहे पण जागा बदलतो, म्हणजे झिरो (स्कोप ज्या जागेला जुळवलाय ती जागा) हलतोय. दुसरी, ग्रुपच पसरतोय. टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम सरकवायची चकती, फिरवल्याने ग्रुपचा मध्य सरकतो, पसरलेला ग्रुप आवळला जात नाही. तरी गोळ्या डावीकडे गेल्या की हात आपोआप टरेटकडे जातो. चार क्लिक (टरेटचे टप्पे) उजवीकडे, पुढच्या ग्रुपनंतर दोन डावीकडे, मग तीन वर. अर्ध्या तासात आपण मूळ कुठे होतो हेच कळेनासं होतं आणि दोष शोधायचा धागा हातातून सुटतो. म्हणून पहिलं काम म्हणजे टरेटवरचे आकडे वहीत लिहायचे आणि कारण सापडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

दुसरं काम म्हणजे तक्रार खरी आहे का ते मोजायचं. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर कुठलाही निष्कर्ष काढू नका. एकाच रायफलने, एकाच काडतुसाने झाडलेला दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने जवळजवळ पाव हिश्शाने मोठा येतो, आणि तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहूनही मोठा येतो. रायफलमध्ये काही बिघडलेलं नसताना हे घडतं, केवळ गोळ्यांची संख्या वाढली म्हणून. कधीतरी तीन गोळ्या एकाच भोकात गेल्या, ते कार्ड आपण जपून ठेवलं, आणि आता पाच गोळ्यांचा ग्रुप त्याच्याशी ताडून पाहतोय, असं बऱ्याच जणांचं झालेलं असतं. मी एका कार्डावर पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप झाडतो, पाचही मोजतो आणि सरासरी लिहितो. सगळ्यात चांगला ग्रुप नाही, सरासरी. अंदाज यावा म्हणून सांगतो, आंतरराष्ट्रीय नेमबाजीतल्या ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. साध्या रायफलने आणि साध्या काडतुसाने वाळूच्या बॅगेवरून सरासरी १५ ते २० मिमी येत असेल तर रायफल आजारी नाही.

ग्रुपचा आकार काय सांगतो

कार्ड टाकून देऊ नका. त्यावर तारीख, लॉट नंबर, वारा लिहा आणि आकार बघा.

गोळ्या वर-खाली उभ्या रांगेत पडत असतील तर माझा पहिला संशय काडतुसांवर. ५० मीटर जाईपर्यंत साध्या वेगाची पॉइंट टू टूची गोळी सुमारे १२.५ सेंटीमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तरी कार्डावर ७-८ मिमीचं उभं अंतर दिसतं. श्वास अडवण्याची वेळ दर वेळी वेगळी असली किंवा रायफल बॅगेवर पुढे-मागे ठेवली जात असली तरीही ग्रुप उभा ताणला जातो.

आडवा पसरला तर वारा, ट्रिगरवरचं बोट, किंवा रायफलचा कल. कलाकडे फार कमी लोक लक्ष देतात. ५० मीटरवर झिरो केलेली रायफल ५ अंश एका बाजूला कलली तर गोळी त्याच बाजूला साधारण ११ मिमी सरकते. ५ अंश म्हणजे डोळ्याला सहज न जाणवणारा कल. टार्गेटची चौकट आणि रेटिकलची (स्कोपमधल्या नेमाच्या खुणेची) आडवी रेघ समांतर आहेत का, हे प्रत्येक गोळीआधी पाहायची सवय लावली की हा दोष जातो. स्कोपच माउंटच्या रिंगमध्ये तिरका बसला असेल तर मात्र आधी तो सरळ करायला हवा, नाहीतर आपण रेटिकल सरळ धरायला जातो आणि रायफल वाकडी होते.

दोन वेगळे छोटे ग्रुप पडले, म्हणजे तीन गोळ्या इथे आणि दोन तिथे, दोन्ही घट्ट, तर काहीतरी दोन जागांवर बसतंय. माउंट, अ‍ॅक्शनचा (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाचा) स्क्रू, स्कोपच्या आतली नळी, किंवा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवला जाणारा गाल. मला हा आकार सगळ्यात जास्त आवडतो, कारण शोध लवकर संपतो.

चार गोळ्या एकत्र आणि एक लांब, असं दर दुसऱ्या-तिसऱ्या ग्रुपला होत असेल तर पुन्हा काडतूस. पॉइंट टू टूमध्ये मध्यभागी वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण केसच्या तळाच्या कडेत, रिमच्या आत, फिरवून पसरवलेलं असतं. ते कुठे जास्त कुठे कमी बसलं की प्रत्येक काडतूस थोडं वेगळं पेटतं.

माउंट: माझी पहिली वेळ

पॉइंट टू टूच्या रायफलला धक्का फारसा नसतो, म्हणून माउंट सैल होणार नाही असं मी धरून चाललो होतो. अ‍ॅक्शनवर ११ मिमीची डव्हटेल (तिरप्या कडांची) खाच होती, त्यावर दोन रिंगा. बसवताना खाचेतलं तेल पुसलं नव्हतं. दोन-अडीचशे गोळ्यांनंतर झिरो डावीकडे सरकायला लागला. मी क्लिक देत गेलो, तो पुन्हा सरकत गेला. शेवटी स्कोप काढला तेव्हा मागच्या रिंगेखाली धातूवर जेमतेम एक मिलिमीटरची चकचकीत घासलेली पट्टी दिसली. रिंग तेवढी पुढे-मागे चालत होती.

तेव्हापासून मी खाच आणि रिंगांची पकड दोन्ही चरबी काढणाऱ्या द्रवाने पुसून कोरड्या करतो, मगच बसवतो. माउंट आणि अ‍ॅक्शनच्या सांध्यावर, तसंच रिंग आणि स्कोपच्या नळीच्या सांध्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की कळतं, काय हललं आणि कुठे. स्क्रू ड्रायव्हरने नुसतं चाचपून "घट्ट आहे" म्हणण्यापेक्षा या रेघेवर माझा जास्त विश्वास आहे.

रिंगांचे वरचे स्क्रू अंदाजाने आवळू नका. टॉर्क मोजणारा छोटा ड्रायव्हर मिळतो. बहुतेक रिंगांच्या वरच्या स्क्रूंसाठी १.७ ते २ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा दिलेला असतो, पण आपल्या रिंगेसोबत आलेला आकडाच खरा धरा. स्क्रू तिरप्या जोड्यांनी, थोडे-थोडे आवळायचे, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते आणि आतली फिरणारी नळी अडकते. ते सैल माउंटपेक्षाही त्रासदायक, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

वेगळी पट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर ते स्क्रू स्कोपखाली लपलेले असतात. रिंगा तपासल्या म्हणजे माउंट तपासला असं नाही. एकदा रिंगा काढून पट्टीचे स्क्रूही पाहा.

पॅरालॅक्स: सगळ्यात जास्त चुकणारी जागा

इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण छोट्या कॅलिबरच्या रायफलवर मोठ्या कॅलिबरचा स्कोप चढवला की हा दोष जवळजवळ ठरलेला असतो, आणि तो रायफलवर ढकलला जातो.

पॅरालॅक्स बदलता न येणाऱ्या बऱ्याच स्कोपमध्ये तो १०० मीटरच्या आसपास जुळवलेला असतो. पॉइंट टू टूसाठी बनवलेल्या स्कोपमध्ये ५० च्या आसपास. टार्गेट त्या अंतरावर असेल तर डोळा थोडा इकडे-तिकडे झाला तरी रेटिकल टार्गेटवर एका जागी राहतं. टार्गेट जवळ असेल तर टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल स्कोपच्या आत एका पातळीवर येत नाहीत. मग डोळा हलला की रेटिकलही टार्गेटवरून सरकतं. रायफल हललेली नसते, पण आपल्याला नेम चुकलेला दिसतो, आपण तो "सुधारतो", आणि गोळी भलतीकडे जाते.

किती सरकतं याचा हिशोब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाचा निम्मा घ्या, त्याला टार्गेटचं अंतर आणि पॅरालॅक्सचं अंतर यांतल्या फरकाने गुणा, आणि पॅरालॅक्सच्या अंतराने भागा. ४० मिमीचं भिंग, पॅरालॅक्स १०० मीटरवर, टार्गेट ५० मीटरवर: २० गुणिले ५०, भागिले १००, म्हणजे १० मिमी. डोळा एका कडेला असेल तर १० मिमी एका बाजूला, दुसऱ्या कडेला असेल तर १० मिमी दुसऱ्या बाजूला. २५ मीटरवर हाच आकडा १५ मिमी होतो. डोळा अगदी कडेला असतानाचा हा सगळ्यात वाईट आकडा आहे, पण त्याच्या निम्मी चूकसुद्धा घट्ट ग्रुपचं वाटोळं करायला पुरते.

तपासायला एकही गोळी लागत नाही. रायफल पुढच्या आणि मागच्या बॅगेवर अशी ठेवा की हात काढला तरी रेटिकल टार्गेटच्या ठिपक्यावर राहील. बोल्ट उघडा. आता रायफलला स्पर्श न करता, गाल न टेकवता, डोळा स्कोपमागे हळूहळू वर-खाली, डावीकडे-उजवीकडे न्या. रेटिकल ठिपक्यावर चिकटून राहिलं तर ठीक. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा माझ्या स्कोपमधलं रेटिकल ठिपक्याच्या डाव्या काठावरून निघालं आणि उजव्या काठाच्या पलीकडे गेलं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर निवांत पडलेली होती.

हे करण्याआधी मागच्या भिंगाचा फोकस नीट लावायला हवा. स्कोप कोऱ्या फिकट भिंतीकडे धरा, एक-दोन सेकंदच पाहा, रेटिकल लगेच धारदार दिसतं का बघा. जास्त वेळ पाहिलं तर डोळा स्वतः जुळवून घेतो आणि आपण फसतो. फोकस पक्का झाला की मगच पॅरालॅक्सचं चाक फिरवा. त्या चाकावर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. डोळा हलवून रेटिकल थांबेपर्यंत फिरवा आणि ती जागा खुणेने नोंदवा.

चाक नसलेला स्कोप असेल तर उपाय गालात आहे. स्कोपमध्ये पाहताना कडेला काळी सावली येते. डोळा थोडा मागे घेतला की ती गोल होते. ती चारही बाजूंनी सारखी दिसली म्हणजे डोळा मध्यावर. त्या जागी गाल आपोआप यावा इतकी स्टॉकची (रायफलच्या दस्त्याची) उंची करून घ्या. स्कोप उंच बसवला असेल आणि स्टॉक खाली असेल तर हनुवटी टेकते, गाल टेकत नाही, आणि डोळा दर वेळी नव्या जागी जातो. स्टॉकवर घट्ट पट्टी गुंडाळून उंची वाढवली तरी फरक दिसतो.

स्कोप खराब आहे असं कधी म्हणायचं

स्कोपला दोष देणं सोपं असतं, म्हणून आधी पुरावा. चौकोनाची चाचणी करा. ५० मीटरवर मोठ्या कागदाच्या मध्यावर नेम धरून ग्रुप झाडा. मग नेम तिथेच ठेवून २० क्लिक उजवीकडे, ग्रुप. २० वर, ग्रुप. २० डावीकडे, ग्रुप. २० खाली, ग्रुप. पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक असेल तर ५० मीटरवर एक क्लिक साधारण ३.६ मिमीचा, म्हणजे २० क्लिकला सुमारे ७३ मिमी. दशांश मिलचा (मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर) क्लिक असेल तर एक क्लिक ५ मिमीचा, २० क्लिकला १०० मिमी. पाचवा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला आणि बाजू जवळपास सारख्या आल्या तर स्कोपचं आतलं काम शाबूत आहे. बाजू येत नाहीत, किंवा क्लिक दिल्यावर पहिली गोळी जुन्या जागी आणि दुसरी नव्या जागी जाते, तर आतली स्प्रिंग किंवा नळी अडकतेय.

स्कोप चांगला असूनही हे होतं, जेव्हा झिरो करताना टरेट जवळजवळ शेवटापर्यंत फिरवलेला असतो. तिथे आतल्या स्प्रिंगचा दाब नीट राहत नाही आणि नळी प्रत्येक धक्क्याला हलते. दोन्ही टरेट मधोमध आणा, आणि उरलेला फरक माउंटने काढा. खात्रीच करायची तर दुसऱ्या रायफलवर नीट चालणारा स्कोप या रायफलवर लावून पाहा. ग्रुप तसाच पसरला तर आपला स्कोप निर्दोष.

स्टॉक आणि अ‍ॅक्शनचे स्क्रू

लाकडी स्टॉक दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. स्क्रू आपल्या जागी असतात पण त्यांची पकड बदलते. रायफलसोबत दिलेला टॉर्कचा आकडा पाळा. लाकडात तो अ‍ॅल्युमिनियमच्या बेडिंगपेक्षा (स्टॉकमधल्या बैठकीपेक्षा) कमी असतो, म्हणून दुसऱ्याच्या रायफलचा आकडा उचलू नका.

बेडिंग ताणलेलं आहे का ते बोटाने कळतं. रायफल उभी धरा, बॅरल आणि स्टॉकच्या टोकाच्या सांध्यावर बोट ठेवा, आणि दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू हळूच ढिला करा. बोटाला सांधा उघडल्यासारखा जाणवला तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये वाकून बसतंय. काहीच जाणवलं नाही तर उत्तम. पुन्हा आवळायला विसरू नका.

बॅरल मोकळं असायला हवं अशी रचना असेल तर कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकच्या मधून अ‍ॅक्शनपर्यंत सरकायला हवी. कुठे अडली तर तिथे लाकूड टेकतंय. काही रायफलींमध्ये मात्र पुढच्या टोकाला मुद्दाम दाब दिलेला असतो. ते माहीत नसताना लाकूड घासू नका. घासलेलं परत येत नाही.

बॅगेवरून झाडताना बॅग स्टॉकच्या खाली हवी, बॅरलच्या खाली कधीच नाही. आणि पट्ट्याची कडी पुढच्या बॅगेला धडकत नाही ना, ते बघा. धडकत असेल तर गोळ्या उभ्या पसरतात आणि आपण काडतुसांना दोष देतो.

काडतूस: माझी दुसरी वेळ

पॉइंट टू टूमध्ये आपण दारू आणि गोळी घालून स्वतः काडतूस तयार करत नाही, त्यामुळे हातात एकच गोष्ट उरते, निवड. आणि ही निवड बॅरल करतं, आपण नाही. महागडं काडतूस एखाद्या बॅरलला मानवत नाही आणि साधं मानवतं.

मी एकाच नावाची काडतुसं वर्षानुवर्षं वापरत होतो. डबा तोच, रंग तोच, गोळीचं वजन तेच. नव्या डब्यांबरोबर ग्रुप दुप्पट झाला. मी माउंट काढला, पुसला, बसवला, नवी रेघ ओढली. काही फरक नाही. मग जुन्या लॉटचा एक अर्धा डबा कपाटात सापडला. त्यातल्या गोळ्यांनी जुना ग्रुप लगेच परत आला. नाव एकच असलं तरी लॉट नंबर वेगळा असेल तर काडतूस वेगळं समजा. डब्यावरचा तो नंबर वहीत लिहा, आणि चांगला लॉट सापडला की त्यातलाच जमेल तेवढा साठा करा. आता मी प्रत्येक लॉटचा एक डबा बाजूला काढून ठेवतो, फक्त तुलनेसाठी. संशय आला की आधी तो उघडतो.

वेगाचाही विचार करा. साध्या वेगाची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंदाने निघते. २० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सुमारे ३४३ असतो, म्हणजे ती सुरुवातीपासूनच त्याच्या खाली. जलद गोळी ३७० ते ३९० ने निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या टप्प्यावर तिच्यावर हवेचे झटके बसतात. शिवाय वाऱ्यात ती साध्या गोळीपेक्षा जास्त वाहते, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे, कारण आवाजाच्या वेगाच्या वर हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि तिचा वेग झपाट्याने पडतो. अचूकतेसाठी साध्या वेगापासून सुरुवात करा. थंडीत शून्य अंशाला आवाजाचा वेग ३३१ पर्यंत उतरतो, गोळीवरचं मेण घट्ट होतं, आणि उन्हाळ्यातला झिरो तसाच राहत नाही. काडतुसं खिशात गरम आणि बॅरल थंडगार, असं मिसळू देऊ नका.

काडतूस बदललं की पहिल्या १५-२० गोळ्या मोजू नका. प्रत्येकाच्या गोळीवर वेगळं मेण असतं. जुनं मेण निघून नवं बॅरलभर बसायला तेवढ्या गोळ्या लागतात. पाच गोळ्या याच्या, पाच त्याच्या, अशी तुलना केली तर दोन्ही काडतुसांवर अन्याय होतो.

वारा

थोडक्यात सांगतो. बाजूने येणारा १ मीटर प्रतिसेकंदाचा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारा, साध्या गोळीला ५० मीटरवर ६-७ मिमी ढकलतो. उजव्या फिरकीच्या बॅरलमध्ये डावीकडून येणारा वारा गोळीला उजवीकडे आणि थोडं खाली नेतो, उजवीकडून येणारा डावीकडे आणि थोडं वर. त्यामुळे ग्रुप घड्याळातल्या १० पासून ४ पर्यंत तिरका ताणलेला दिसला तर रायफल ठेवा बाजूला आणि टार्गेटजवळ हलक्या दोऱ्याचा तुकडा बांधून वारा पाहा. दोष शोधायचा दिवस शक्यतो वारा नसलेला निवडा.

बॅरल, क्राउन आणि माझी तिसरी वेळ

बॅरलची सफाई नेहमी चेंबरच्या बाजूने करा. मझलच्या (बॅरलच्या पुढच्या तोंडाच्या) बाजूने सळई घातली तर ती क्राउनच्या, म्हणजे त्या तोंडाच्या, कडेवर घासते, आणि गोळी बॅरल सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला करते. ती कड एका ठिकाणी जरी खरवडली तर मागून येणारा वायू गोळीच्या एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. बोल्ट काढून, कानात घालायच्या कापसाच्या काडीचं टोक बॅरलच्या आतून बाहेर या कडेवर हळूच ओढा. कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे बोचरं आहे. भिंगातून पाहिलं तर दिसतंही. ते घरी घासून सरळ करायला जाऊ नका, शस्त्रकारागिराचं काम आहे.

तिसऱ्या वेळी मी माउंट पाहिला, रेघ अखंड. बाजूला ठेवलेला जुना लॉट उघडला, ग्रुप तसाच पसरलेला, आणि दर ग्रुपला एक गोळी लांब. पॅरालॅक्स तपासला, ठीक. स्कोप बदलून पाहिला, तेच. माझ्यापेक्षा चांगला नेम असलेल्या मित्राला बसवलं, त्याचाही ग्रुप तेवढाच. इथे मला खरं उत्तर मिळायला सुरुवात झाली, कारण माणूस, स्कोप, माउंट, काडतूस, सगळे बाजूला झाले होते. बोल्ट नीट बंद व्हायला थोडं जास्त बोट लागत होतं, हे त्यानेच सांगितलं. माझ्या हाताला त्याची सवय झाली होती.

मी बॅरल नेहमी पुसत होतो. पण फडकं सरळ जात होतं आणि चेंबर संपून बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा सुरू होतात तिथला थर तसाच राहत होता. पॉइंट टू टूमध्ये जळलेल्या दारूचा कार्बन तिथे कड्यासारखा जमतो आणि काचेसारखा कडक होतो. काडतूस बसवताना गोळी त्या कड्यात रुतते, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. कार्बन मऊ करणारा द्रव फडक्याला लावून तिथे दहा मिनिटं ठेवला, मग पितळी तारेचा ब्रश चेंबरच्या बाजूने घालून फक्त त्या एवढ्याशा पट्ट्यात फिरवला. पहिलं फडकं शाईसारखं काळं निघालं. दुसरंही. चौथ्याला राखाडी. मग बॅरल कोरडं केलं आणि नवीन काडतूस घातलं तर बोल्ट एका बोटाने बंद झाला.

साफ केल्यावर लगेच ग्रुप मोजला नाही. १५ गोळ्या बॅरल स्थिर व्हायला दिल्या. त्यानंतर पाच ग्रुप झाडले: १४, १७, १३, १६, १५ मिमी. त्या दिवसापासून वहीत आणखी एक रकाना आहे, बोल्ट बंद करायला किती जोर लागला याचा, आणि दर ३०० गोळ्यांनी त्या कड्यापाशी ब्रश जातो.